ठाणे-नवी मुंबईच्या आसपास नदीतलं सोनं शोधायला जागा आहे का?

कोपरीकर

नमस्कार मंडळी. छंद म्हणून नदीची वाळू धुऊन सोनं शोधायचं आहे. विकायचा विचार नाही, बाटलीत चार कण चमकले तरी पुष्कळ. १४ इंची, आतून खाचा असलेलं प्लास्टिकचं ताट आणि तीन जाळ्या हाताशी आहेत. सकाळी ठाण्याहून निघून रात्री परत येता येईल अशी जागा हवी. नकाशावर पुढच्या जागा काढल्या आहेत: बदलापूरच्या वरची उल्हास, शहापूरकडची भातसा, काळू, पनवेलची गाढी, पाताळगंगा, येऊरचे ओढे, उरणचा किनारा.

उल्हासच्या वाळूत काळी रेघ स्पष्ट दिसते, आणि काळी वाळू ही सोन्याची खूण असं सगळीकडे सांगतात. मग सुरुवात तिथूनच करावी का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

काळाकातळ

यादीतल्या एकाही जागी सोनं मिळणार नाही. कारण नीट समजून घ्या, म्हणजे पुढे कुठलीही जागा तुमची तुम्हालाच तपासता येईल.

नदी वरून जे आणते तेच खाली टाकते. त्यामुळे जागा शोधताना आधी बघायचं ते नदीचं पाणलोट क्षेत्र कुठल्या खडकावर आहे हे. उल्हास, भातसा, काळू, गाढी, पाताळगंगा या सगळ्या सह्याद्रीत उगम पावतात आणि समुद्राला मिळेपर्यंत त्यांच्या पाणलोटाचा कातळ एकच, दख्खनचा बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो झाला. आज तो ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. बेसाल्टमध्ये सोनं असतं ते अब्जात काही भाग. अब्जात ४ भाग धरले तर एक टन खडीत ४ मिलिग्रॅम. कर्नाटकातल्या हट्टीसारख्या सोन्याच्या चालू खाणीत टनामागे काही ग्रॅम निघतं, म्हणजे आपल्याकडे त्याचा हजारावा भागही जेमतेम.

सोनं धुण्याजोगं व्हायला दोन गोष्टी घडाव्या लागतात. जमिनीत काही किलोमीटर खोल, गरम पाण्याने ते खडकातून विरघळवून भेगांमध्ये गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत आणून साठवावं लागतं. मग तो पट्टा कोट्यवधी वर्षं झिजून वर यावा लागतो. कोलार, हट्टी, गदग हे असेच पट्टे आहेत, २५० कोटी वर्षांच्या आसपासचे. पारसिकच्या डोंगरातली गारगोटी वेगळी. ती लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत मागाहून, कमी तापमानाला, झिओलाइट या खनिजाच्या सोबतीने भरली आहे. तिच्यात सोनं नसतं.

नेरुळनिवासी

काळाकातळ, पूर्ण पटलं नाही. टनाला ४ मिलिग्रॅम का होईना, आहे ना? नदी लाखो वर्षं धुते आहे, हलकं वाहून जातं, जड मागे राहतं. मग हळूहळू साठायला नको का?

काळाकातळ

@नेरुळनिवासी, शंका रास्त आहे. साठायला सोनं कण म्हणून सुटावं लागतं. बेसाल्टमधलं सोनं गंधकयुक्त खनिजांच्या बारीक ठिपक्यांत अणूंच्या पातळीवर अडकलेलं असतं. खडक कुजला की ते मातीत आणि पाण्यात विखुरतं. धुण्याजोगा सगळ्यात लहान कण ०.१ मिमीचा धरा. असा गोल कण भरतो ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला १ लाख कण. तो कण कुठेतरी आधी घडलेला असावा लागतो. नदी फक्त निवडते, घडवत नाही.

चुंबकताई

काळ्या रेघेबद्दल. ती सोन्याची खूण नसून जड खनिजांची खूण आहे. पाण्याने इथे जड माल टाकला, एवढंच ती सांगते. आपल्याकडे तो माल म्हणजे बेसाल्टमधून सुटलेलं टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) ४.७ ते ५.२. साध्या वाळूतली गार २.६५ आणि सोनं १९.३. उरण, किहीम, नागाव इथे पावसाळ्यानंतर भरतीच्या रेषेवर ज्या काळ्या पट्ट्या उमटतात त्याही ह्याच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं इल्मेनाइट तर खनिज म्हणूनच प्रसिद्ध आहे.

म्हणून वाक्य उलटं लक्षात ठेवा: सोनं असेल तिथे काळी वाळू बहुतेक असतेच, पण काळी वाळू असेल तिथे सोनं असेलच असं नाही.

कलम_चार

खडकाच्या आधी कायदा बघायला हवा होता. खाण आणि खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७, कलम ४(१): परवान्याशिवाय कोणीही पूर्वेक्षण (खनिजाचा शोध) किंवा खाणकाम करायचं नाही. आपल्याकडे हौशी माणसासाठी वेगळा परवाना नाही. २०२३ च्या दुरुस्तीने सोन्यासह काही खनिजांसाठी शोध-परवाना आणला, पण तो लिलावातून मिळतो आणि मोठ्या क्षेत्रासाठी असतो. कलम २१ खाली शिक्षा ५ वर्षांपर्यंत कैद आणि हेक्टरी ५ लाखांपर्यंत दंड.

शिवाय यादीतली जागा-जागा बघा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागतो. ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य. उरणचा किनारा सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी नियमन क्षेत्रात. वाळू हे गौण खनिज, तिच्यावर हक्क सरकारचा: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८.

गाढीकाठ

हाताने एक ताट फिरवलं तर त्याला पूर्वेक्षण म्हणणं जरा जास्तच होतंय. फावडं नाही, यंत्र नाही. मुलं नदीत खेळतात तसंच हे.

कलम_चार

@गाढीकाठ, कायद्यातली व्याख्या अशी आहे: खनिजाचा साठा शोधण्यासाठी, त्याची जागा ठरवण्यासाठी किंवा तो सिद्ध करण्यासाठी केलेली *कोणतीही* क्रिया. आकार नाही, यंत्राची अट नाही, हेतू महत्त्वाचा. वाळूत खेळणाऱ्या मुलाचा तो हेतू नसतो. "मी सोनं शोधतोय" म्हणून ताट घेऊन बसलेल्या माणसाचा असतो. त्यातून आपल्या नद्यांवर वाळूचोरीमुळे गावकरी आणि तलाठी दोघेही आधीच सावध असतात. चार कणांसाठी, आणि तेही नसलेल्या, हा वाद ओढवून घेऊ नये असं मनापासून वाटतं.

दुर्गभटका

धाग्याशी थोडं समांतर: मेटल डिटेक्टर घेऊन किल्ल्यांच्या पायथ्याशी फिरलं तर?

कलम_चार

नको. संरक्षित स्मारकात खोदणं गुन्हा आहेच. बाहेर कुठे जमिनीत पुरलेलं, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. आणि कोणी "गुप्तधन दाखवतो, पूजा घाला" म्हणत आला तर त्याच्यासाठी महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

काळाकातळ

आणि यंत्राच्या दृष्टीनेही आपली जमीन वाईट. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट आणि माथेरानसारख्या ठिकाणचा जांभा, दोन्ही लोहयुक्त, यंत्र सतत किंचाळत राहतं. बारीक सोन्यासाठी ४० ते ७० किलोहर्ट्झची यंत्रं लागतात आणि नेमकी तीच अशा जमिनीवर सगळ्यात जास्त फसतात.

कोपरीकर

सर्वांचे आभार. निराशा झाली, पण कारण कळलं. मग घरी बसून ताट चालवायचा सराव तरी करता येईल का? सोनं नसताना हात बसला की नाही हे कसं ओळखायचं?

रोळी

येतो ना, आणि हाच खरा पाया आहे. आपल्या घरांत पूर्वी तांदूळ रोळायचे. पातेल्यात पाणी, हाताला हिसका, तांदूळ वरून पुढच्या भांड्यात, खडे तळाशी. सोनं धुणं म्हणजे तेच. फरक इतकाच की इथे तळाचं ठेवायचं असतं.

सामान: अडीच-तीन फुटी रुंद टब, बांधकामाची १० किलो रेती, २ मिमीची जाळी, भांडी घासायचं द्रव साबण, चुंबक, बारीक तोंडाची पिचकारी-बाटली. रेती विकत घ्या, नदीची उचलू नका. दुकानात हल्ली बहुतेक खडी दळून केलेली वाळू मिळते, तिचे कण टोकदार असतात आणि थर बसायला किंचित जास्त वेळ लागतो, एवढंच. आणि मोजायला खुणेचे कण: मासेमारीच्या गळाचं शिसं हातोडीने चपटं करून १ मिमीचे २० तुकडे. शिसं ११.३. ते हाताला टिकलं तर १९.३ चं सोनं टिकायलाच हवं.

सगळ्यात आधी ताट घासा. नव्या प्लास्टिकवर साच्याचा तेलकट थर असतो. साबण आणि चिमूटभर बारीक वाळूने आतून दोनदा घासा, पाणी थेंब न धरता सपाट पसरलं पाहिजे. तेल राहिलं तर बारीक सोनं पाण्यावर *तरंगतं* आणि डोळ्यांदेखत निघून जातं. बोटाचं तेलही तेच करतं. टबात साबणाचे दोन थेंब टाकायचे ते ह्यासाठीच.

आता पद्धत. जाळीतून उतरलेली रेती ताटात पाऊण भरा, खुणेचे २० तुकडे मिसळा. ताट पाण्याखाली बुडवून आधी हाताने सगळी माती मोडा. मातीची गोळी राहिली तर ती सोन्याचा कण पोटात घेऊन घरंगळते, आणि नवशिक्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. मग ताट सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हिसके द्या, पूर्ण ३० सेकंद. रेती पातळ पिठासारखी हलली पाहिजे. ती हलत नसेल तर जड काहीही खाली जात नाही, नुसतं गोल फिरवून उपयोग नाही.

त्यानंतर खाचा पलीकडे येतील असं ताट तिरकं करा, लाट आली आणि गेली अशी पाण्यात पुढे-मागे बुडवा, वरचा हलका थर जाऊ द्या. तीन-चार लाटा झाल्या की ताट पुन्हा सपाट, पुन्हा हिसके. हा फेरा टाळू नका. लाटा मारतच राहिलं तर खालचा थर उघडा पडतो आणि जडही वाहून जातं. मूठभर काळं उरलं की वेग निम्मा करा. चमचाभर उरलं की पेलाभर पाणी घेऊन ताट हळूच फिरवा, काळं पंख्यासारखं पसरतं आणि जड कण शेपटीला मागे राहतात.

एक युक्ती: पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या टप्प्याची वाहून गेलेली रेती वेगवेगळ्या घमेल्यांत पकडा. २० पैकी १६ आले तर उरलेले ४ कुठल्या घमेल्यात आहेत ते शोधा. पहिल्यात असतील तर हिसके कमी पडले, शेवटच्यात असतील तर घाई झाली. सलग पाच वेळा २० पैकी २० आले की हात बसला.

चुंबकताई

+१. उत्तम प्रतिसाद. दोन भर. चुंबक नेहमी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फिरवा. वर उचलून दुसऱ्या वाटीवर नेल्यावर पिशवीतून चुंबक काढला की काळी वाळू आपोआप पडते, नाहीतर ती चुंबकाला चिकटून बसते. आणि चुंबक ताटाच्या तळाला घासू नका, मॅग्नेटाइटच्या गुच्छात अडकून कण वर येतात. काढलेली काळी वाळू पुन्हा एकदा धुऊन बघा.

दुर्गभटका

वाखू (वाचनखूण) साठवली.

आई_कळवा

शिशाला माझा विरोध. घरात लहान मुलं असतात, ठोकताना त्याची पूड उडते, टब न्हाणीघरातला. त्यापेक्षा विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची तार कात्रीने १ मिमीला कापा. विषारी नाही, रंगामुळे काळ्यात लगेच दिसते, आणि तांबं ८.९ म्हणजे परीक्षा अधिक कठीण. तांबं ज्याच्या हाताला टिकतं त्याला पुढे काही अवघड नाही.

रोळी

@आई_कळवा, मान्य. शिशापेक्षा हे चांगलं. तार आधी साबणाने धुवा, वायरच्या आवरणाचा तेलकटपणा तिच्यावर असतो.

घणसोली२२

खाणीच्या खडीत पिवळे, चकचकीत ठिपके दिसतात. ते काय असतं?

चुंबकताई

बहुतेक पायराइट. बांधकामाच्या रेतीत दिसलं तर जुनाट अभ्रक. तीन मिनिटांत ठरवता येतं. ठिपक्यावर अंगाची सावली पाडा: सोनं सावलीतही तेवढंच पिवळं दिसतं, अभ्रक आणि पायराइट मिचकावून विझतात. सुईने दाबा: सोनं दबतं, पायराइट फुटतं, अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. चकाकी नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर, म्हणजे टाइलच्या पाठीमागे, घासा: सोन्याची रेघ पिवळी, पायराइटची हिरवट काळी. आणि ताटात: अभ्रक पहिल्या लाटेलाच निघून जातं, पायराइट काळ्या वाळूसोबत हलतं, सोनं जागचं हलत नाही.

तळोजेवाला

नदीत नाही तर जुन्या मोबाइलच्या पट्ट्यांतून काढता येईल की. ॲसिड मिळतं, पद्धतीचे व्हिडिओ ढिगाने आहेत.

आई_कळवा

कृपया कोणीही फ्लॅटच्या बाल्कनीत हे करू नका. नायट्रिक ॲसिड धातूवर पडलं की तपकिरी वायू निघतो. श्वासात गेल्यावर लगेच फारसं जाणवत नाही आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. उरलेलं पाणी मोरीत ओतलं तर तांबं, शिसं थेट गटारातून खाडीत. तेच पाऱ्याबद्दल: पाऱ्यात सोनं धरून तापवणं हा प्रकार घरात कधीही नको.

काळाकातळ

@कोपरीकर, हात बसेपर्यंत दुसरं अंग शिका, नकाशा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश हे संकेतस्थळ उघडा, खाते बनवा, भूशास्त्राचा थर चालू करा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात. आधी ठाणे बघा: एकच रंग. मग खाली सिंधुदुर्गाकडे सरका, बेसाल्ट संपतो आणि जुने खडक उघडे पडतात, रेडीचं लोहखनिज त्यातलंच. मग नागपूर-भंडाऱ्याकडे साकोली पट्टा, मग कर्नाटकात हट्टी-मस्की.

अभ्यास असा करा: पट्टा आणि ग्रॅनाइट जिथे भेटतात ती सीमा शोधा. तिला ओलांडून येणारे लहान ओढे काढा. ओढा ज्या मोठ्या नदीला मिळतो तिथपर्यंत उतार कुठे मोडतो ते समोच्च रेषांवरून बघा. पाण्याचा जोर मोडतो तिथे जड माल पडतो: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला, आडव्या कातळाच्या चिरांत. पुराचं पाणी वळणं कापून सरळ धावतं, म्हणून एका वळणाच्या आतल्या टोकापासून पुढच्या वळणाच्या आतल्या टोकापर्यंत रेघ ओढा. घट्ट चिकणमातीचा थर असेल तर तोही कातळाचंच काम करतो, सोनं त्याच्या माथ्यावर थांबतं, खाली जात नाही.

असे दहा ओढे कागदावर काढा. सुवर्णरेखा आणि केरळातल्या निलांबूरची चालियार या सोन्यासाठी माहीत असलेल्या नद्या आहेत. त्यांचा नकाशा घेऊन आपला अंदाज जुळतो का ते पडताळा. प्रवास नाही, परवाना नाही, आणि डोळा तयार होतो.

गाढीकाठ

पण शेवटी खरं सोनं धुवायचं कुठे? कोलारला जाता येत नाही का?

कलम_चार

कोलारची खाण २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाली. तिथे उभ्या असलेल्या टेकड्या सायनाइडने धुतलेल्या पुडीच्या आहेत, त्यात हात घालू नये.

कायदेशीर हौस भागवायची तर देशाबाहेर. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात मायनर्स राइट नावाचा हौशी शोधाचा परवाना मिळतो, १० वर्षांचा, फक्त हाताची अवजारं, आणि कुठल्या नद्या वगळल्या आहेत त्याची यादी आधी बघावी लागते. न्यूझीलंडमध्ये ठरावीक सार्वजनिक जागा आहेत, तिथे परवानाही लागत नाही, फक्त मोटरचं काही न्यायचं नाही. नातेवाइकांकडे जाणारे इथे बरेच असतील. एक लक्षात ठेवा: दोन्ही देशांत मातीचा कण लागलेलं सामान विमानतळावर अडवतात. ताट, जाळ्या, बूट घासून, वाळवून न्या आणि अर्जात नमूद करा.

झवेरीगल्ली

एवढ्या लांब कशाला? सोनं ठाण्यातही आहे, फक्त नदीत नाही. सोनाराच्या कामाच्या जागेचा केर, भट्टीची राख, गादीखालची धूळ यांत कानशीचा भुगा असतो. तो धुणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले. पसरट भांडं, पाणी आणि हिसका. ताट चालवणं ज्यांना मनापासून शिकायचं आहे त्यांनी ही माणसं हयातभर काय करत आली ते समजून घ्यावं, आपल्या मातीतली ही विद्या आहे.

कोपरीकर, तुमचा प्रश्न असा सुटतो: ओळखीच्या सोनाराकडून २२ कॅरटच्या तारेचा कानसलेला भुगा १०० मिलिग्रॅम बिलासह विकत घ्या. २२ कॅरटचं गुरुत्व १७.५ च्या वर. पहिल्यांदा घेताना सोनाराच्या काट्यावर वजन करून घ्या, ५ किलो रेतीत मिसळा, धुवा, वाळवा, पुन्हा त्याच काट्यावर ठेवा. मोजणीपेक्षा वजनाचं उत्तर खरं असतं. ९५ मिलिग्रॅम परत आलं तर फार चांगला हात.

रोळी

हे सगळ्यात उत्तम. पण एक काळजी घ्या: भुगा रेतीत टाकण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा, कानशीचं पोलाद त्यात मिसळलेलं असतं आणि ते तुमच्या वजनात धरलं जातं. आणि वाळवताना पंख्याखाली ठेवू नका.

कोपरीकर

खूप खूप धन्यवाद. आधी तांब्याची तार, मग भुगा, रात्री भूकोश. शेवटचा प्रश्न: भुगा ०.३ मिमीचा असेल तर २ मिमीची एकच जाळी पुरेल का?

रोळी

नाही. २ मिमीखाली उतरलेलं पुन्हा १ मिमीतून आणि मग ०.५ मिमीतून काढा, तिन्ही ढीग वेगळे धुवा. ताटात दगडाचे कण जितके एकाच आकाराचे, तितका जड-हलक्याचा निवाडा स्वच्छ होतो. ०.५ खालच्या ढिगाला हिसके निम्म्या जोराने, पण एक मिनिट. ह्या मापाची स्टीलची जाळी बांधकामाच्या दुकानात मिळत नाही, मसाले चाळायच्या चाळण्यांत बघा आणि घेण्याआधी एक इंचात किती भोकं आहेत ते मोजा: ०.५ मिमीला साधारण ३५.